हळव्या पोटासाठी ग्लासात काय घ्यावं?

नमस्कार श्रोतेहो. द्राक्षांचा हंगाम आला की नाशकात सुटे मणी स्वस्त मिळतात आणि घरोघरी मिक्सरवर त्यांचा रस निघतो. ज्यांचं पोट हळवं आहे, त्यांनी इथे जरा थांबावं. 200 मिलिलिटर रसाला पाव किलोहून जास्त द्राक्षं लागतात. एवढी आपण एका बैठकीत चावून खाणार नाही, पण पिऊन मात्र दोन मिनिटांत संपतात. त्यात जवळपास 30 ग्रॅम साखर असते, म्हणजे सहा चमचे, आणि तिच्यातलं निम्मं फ्रुक्टोज. लहान आतडं एका वेळी ठरावीकच फ्रुक्टोज शोषू शकतं. उरलेलं फ्रुक्टोज आतड्यात पाणी ओढतं, पुढे मोठ्या आतड्यातले जिवाणू ते आंबवतात. पोट गुडगुडतं, फुगतं, कधी जुलाबही होतात.

सफरचंद आणि नासपतीचा रस याहून त्रासदायक. त्यांत फ्रुक्टोज ग्लुकोजपेक्षा बरंच जास्त आणि शिवाय सॉर्बिटॉल नावाचं गोड द्रव्य, तेही नीट शोषलं जात नाही. ‘शुगर फ्री’ लिहिलेल्या पेयाच्या वेष्टनावर 420, 965 किंवा 967 हे आकडे दिसले तर तीही पोट फुगवणारी गोड द्रव्यंच समजा.

ज्यांना छातीत जळजळ होते, त्यांचं गणित वेगळं. त्यांना लिंबू, संत्रं, टोमॅटोचा रस आणि सोडा सोसत नाही, रात्री तर नकोच.

मग प्यायचं काय? आमच्या मते पहिला मान पातळ ताकाचा. रात्री विरजलेलं, सकाळी नुकतंच लागलेलं गोडसर दही दोन मोठे चमचे घ्या, ग्लासभर पाणी घालून घुसळा, लोणी काढा. भाजलेल्या जिऱ्याची चिमूटभर पूड, चवीपुरतं सैंधव. ग्लासभर दुधात सुमारे 10 ग्रॅम लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर असते, या ताकात दीडच्या आसपास. म्हणून दूध न पचणाऱ्या बऱ्याच जणांना ताक चालतं. दही दिवसभर ओट्यावर राहून आंबट झालं की मात्र जळजळ वाढते. शहाळ्याचं पाणी एका वेळी एक कप पुरे. मूत्रपिंडाचा विकार असेल तर त्यातल्या पोटॅशियममुळे डॉक्टरांना विचारूनच घ्या.

रसवंतीत ऊस बहुधा दोषी नसतो, बर्फ असतो. बिनबर्फाचा, डोळ्यांदेखत काढलेला अर्धा ग्लास मागा. चरकाच्या लाकडी किंवा लोखंडी भागावर माशा दिसल्या तर पुढे चला.

नवीन रस सुरू करताना नाश्त्यानंतर 100 मिलिलिटर, तेवढंच पाणी मिसळून, घोटघोट घ्या. तीन दिवस तोच एक रस, दुसरा नवा पदार्थ नको. वेळ आणि त्रास वहीत लिहा. एकदम तीन रस मिसळून प्यायलात तर दोष कुणाचा, हे कळणारच नाही.

शौचातून रक्त, विनाकारण घटणारं वजन, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, यांपैकी काहीही असेल तर रस बदलत बसू नका. त्याच आठवड्यात पोटविकारतज्ज्ञांना दाखवा, आणि जाताना ती वही सोबत न्या.