मूळ गाव : भिंतीतली खिडकी

नमस्कार श्रोतेहो.

फेरारी म्हणजे लोहार. दचकू नका. जिच्याकडे बघायला रस्त्यावरची माणसं माना वळवतात, त्या लाल गाडीवर तिच्या मूळ मालकाचं आडनाव आहे, आणि इटलीत ते आपल्याकडच्या लोहारांइतकंच साधं, घरगुती आहे. रोस्सी म्हणजे तांबडे. कुणा पणजोबाची दाढी लाल असणार. दक्षिणेत त्याचंच रूस्सो झालं. आडनावं पाडायची रीत तिथेही आपल्यासारखीच आहे: धंद्यावरून, रंगावरून, गावावरून. आपल्याकडे नाहीत का काळे, गोरे, सुतार, नाशिककर?

पण इटलीत सगळ्यांत जास्त आढळणाऱ्या पहिल्या पाच आडनावांमध्ये एक असं आहे, की त्यामागे धंदा नाही, गाव नाही आणि बाप तर नाहीच. एस्पोसितो. म्हणताना जोर 'पो'वर द्यायचा. नेपल्समध्ये आणि आसपासच्या कंपानिया प्रांतात तर या आडनावाच्या माणसांची गणतीच नको. मूळ शब्द लॅटिन, 'एक्स्पोसितुस'. अर्थ : बाहेर ठेवलेला. उघड्यावर ठेवून दिलेला. आजच्या इटालियनमध्ये प्रदर्शनात मांडलेल्या चित्रालाही याच धातूतून आलेला 'एस्पोस्तो' हा शब्द लावतात. आपल्या गोष्टीत मात्र बाहेर ठेवलंय ते तान्हं मूल.

आता जरा डोळ्यांसमोर आणा. नेपल्सचा फोर्चेल्ला हा जुना, दाटीवाटीचा भाग. तिथे सांतीस्सिमा आनुंत्सियाता हे चौदाव्या शतकापासूनचं धर्मस्थान. चर्च, इस्पितळ आणि अनाथालय असं सगळं एकत्र. त्याच्या रस्त्याकडच्या भिंतीत एक छोटी खिडकी आणि खिडकीत लाकडी पिंप बसवलेलं, उभं, स्वतःभोवती फिरणारं, एका बाजूनं उघडं. उघडी बाजू रस्त्याकडे असायची. बाई रात्री यायची, बाळ आत ठेवायची, पिंप फिरवायची. बाळ भिंतीच्या आत, बाई भिंतीच्या बाहेर. घंटा वाजवली की आत बसलेली बाई उठायची. दोघींना एकमेकींचा चेहरा दिसायचा नाही, आणि तो दिसू नये म्हणूनच तर ही सगळी रचना. या पिंपाला तिथे 'रुओता' म्हणतात, म्हणजे चाक. पिंपाचं तोंड लहानच होतं. त्यामुळे जरा मोठं झालेलं पोर आत घालायचं असलं, तर त्याच्या अंगाला तेल चोपडून ढकलत, असं नेपल्समध्ये अजून सांगतात. खरं-खोटं त्यांनाच ठाऊक, पण ते तेल काही माझ्या डोक्यातून जात नाही.

आत घेतलेल्या बाळाला धुऊन-पुसून गळ्यात शिशाचा बिल्ला अडकवायचे, आणि मग मोठी वही उघडायची. आलेली तारीख, वेळ, अंदाजे वय, अंगावर कापड कसलं होतं. नाव घालायचं आणि पुढे आडनाव : एस्पोसितो. सगळ्यांना तेच. एका अर्थानं ते आडनाव नव्हतंच, ती नोंद होती. आपल्याकडे आवक रजिस्टरात शेरा मारतात ना, तशी.

काही बाळांबरोबर एखादी खूण असायची. अर्धं नाणं. मधोमध कापलेलं संताचं चित्र. उरलेला अर्धा भाग आईच्या कनवटीला. दिवस पालटले, चार पैसे आले, की तो अर्धा तुकडा घेऊन यायचं, जुळवायचं आणि मूल परत न्यायचं. फ्लॉरेन्सच्या इन्नोचेंती अनाथालयात आता संग्रहालय आहे. तिथे असे अर्धे तुकडे छोट्या छोट्या खणांत ठेवलेत. खण ओढायचा आणि बघायचं. जे तुकडे तिथे राहिले, त्यांचा दुसरा अर्धा घेऊन कोणी आलंच नाही, एवढं तर आपल्याला कळतं.

फ्लॉरेन्सचं नाव निघालंच आहे तर सांगतो, ही तऱ्हा एकट्या नेपल्सची नव्हती. इन्नोचेंती म्हणजे निष्पाप बालकं. ब्रुनेलेस्कीनं आराखडा केलेली ती इमारत 1445 साली उघडली आणि पहिली आली ती मुलगीच. आली त्या दिवशी संत अगाताचा सण होता, म्हणून तिचं नाव अगाता ठेवलं. तिथल्या मुलांमुळे इन्नोचेंती, देल्यिन्नोचेंती ही आडनावं झाली. रोममध्ये प्रोयेत्ती, म्हणजे टाकलेले. बोलोन्यात देल्यि एस्पोस्ती. मिलानची तऱ्हा त्यातल्या त्यात देखणी. तिथल्या मोठ्या इस्पितळाचं चिन्ह कबुतर, म्हणून मुलांना आडनाव मिळालं कोलोंबो. 1825 पर्यंत हे चाललं. मिलानकडे आज कोलोंबोंचा सुळसुळाट आहे तो बराचसा यामुळे. कोलंबसाच्या वंशावळीत त्यांना शोधायला जाऊ नका, त्याचं घर जेनोव्हात.

टाकलेली सगळी मुलं लग्नाबाहेरची होती, असंही समजू नका. नवरा-बायको दोघं राबूनही घरात खाणारी तोंडं जास्त, म्हणून रीतसर लग्नाची मुलंही चाकात ठेवली जात. त्यातली किती जगायची? दाया कमी, दूध कमी, दाटी फार. पहिलं वर्ष न ओलांडणारी मुलं अतोनात. जगलेल्या मुलींना संस्था हुंडा देऊन उजवायची. नेपल्सच्या आनुंत्सियातात 25 मार्चच्या सणाला लग्नाळू तरुण जमत आणि पसंत पडलेल्या मुलीसमोर रुमाल टाकत, अशी आठवण सांगतात. संस्थेतून बाहेर पडलेल्या मुलांचे मात्र संसार झाले, त्यांना मुलं झाली, ती सगळी एस्पोसितो. शंभर वेगवेगळ्या आयांची शंभर मुलं आणि आडनाव एकच. म्हणून दोन एस्पोसितो भेटले, तर 'आपण भाऊबंद का?' या प्रश्नाला काही अर्थ नाही. आपण आडनाव ऐकलं की लगेच विचारतो, 'मूळ गाव कोणतं?' त्यांच्यातल्या कित्येकांचं मूळ गाव म्हणजे ती खिडकी.

लोकांना हे कळत नव्हतं असं नाही. आडनाव सांगितलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर उमटायचंच. नेपल्सच्या गादीवर नेपोलियनचा मेहुणा जोआकिम म्युरा होता, 1808 ते 1815. त्याच्या काळात नव्यानं सापडलेल्या मुलांना एस्पोसितो हे आडनाव द्यायला बंदी झाली. मग कारकुनांना रोज नवी आडनावं जुळवत बसावं लागलं. चाक मात्र चालूच राहिलं, ते 1875 साली बंद झालं.

याच काळात आपल्या पुण्यात, 1863 साली, जोतीराव आणि सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं. तिथे एका विधवेच्या पोटी जन्मलेला यशवंत त्यांनी दत्तक घेतला. त्याला शिक्का नाही मिळाला, सरळ घरचं नाव मिळालं. यशवंत जोतीराव फुले. पुढे डॉक्टर झाला.

आणि एस्पोसितो? एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी दक्षिण इटलीतली गरीब माणसं बोटी भरभरून अमेरिकेला निघाली, त्यांच्या गाठोड्यात हे आडनावही गेलं. कॅनडात जन्मलेल्या फिल एस्पोसितोनं 1970-71 च्या आइस हॉकी हंगामात 76 गोल केले. त्याचा भाऊ टोनी गोलरक्षक, म्हणजे एक गोल घालणारा, दुसरा अडवणारा. हॉलिवुडचा नट जानकार्लो एस्पोसितो जन्मला कोपनहेगनला, वडील इटालियन, आई आफ्रिकी-अमेरिकन गायिका. 1889 मध्ये इटलीच्या राणी मार्गेरितासाठी पिझ्झा केला असं ज्याच्याबद्दल सांगतात, तो राफाएले एस्पोसितो. त्या गोष्टीवर इतिहासकार अजून भांडतात. पिझ्झा खाणारे भांडत नाहीत. आणि सध्या मिलानच्या इंटर या फुटबॉल क्लबकडून खेळतो तो पिओ एस्पोसितो, नेपल्सजवळच्या कास्तेल्लाम्मारेचा. कोलोंबोंच्या शहरात एस्पोसितोच्या नावानं आरोळ्या उठतात, हे मला फार आवडतं.

इटलीत आज एखादं बाळ सापडलं तर? काही इस्पितळांच्या भिंतीत आता ऊब देणारा पाळणा असतो. बाळ ठेवलं की आत इशारा वाजतो. नाव-आडनाव नोंदणी अधिकारी देतो, आणि 2000 सालच्या नियमात स्पष्ट लिहिलंय की आईबापांचा पत्ता नाही हे ज्यातून उघड होईल, असं नाव किंवा आडनाव अशा मुलाला देता येणार नाही. म्हणजे नेपल्सच्या जिन्यापाशी, घंटेच्या बटणांशेजारी, एस्पोसितो, एस्पोसितो अशा पाट्या खुशाल लागलेल्या असतात. त्याच इमारतीच्या दारात सापडलेल्या बाळाला मात्र ते आडनाव मिळणार नाही.

नमस्कार.