काटा एचवर गेला, पण इंजिन खरंच तापलंय का?

श्रोतेहो, नमस्कार.

आज बोलायचं आहे जुन्या गाडीच्या टेंपरेचरच्या काट्याबद्दल. डॅशबोर्डवर पेट्रोलच्या काट्याशेजारी तो असतो, एका टोकाला सी, दुसऱ्या टोकाला एच. गोव्यात अजून कितीतरी अंगणांत मारुती ८०० उभी दिसते, ओम्नी दिसते, एखाद्या भाटकाराने हौसेने जपलेली प्रीमियर पद्मिनीही दिसते. मारुती ८०० आली १९८३च्या डिसेंबरात आणि तिचं उत्पादन थांबलं २०१४ साली. म्हणजे त्यातली सगळ्यात तरुण गाडीसुद्धा आता वयस्कच. अशा गाडीचा काटा एखाद दिवशी लहरी वागणार, हे धरूनच चालायचं.

काटा एचला टेकला की दोन प्रकारची माणसं दिसतात. एक म्हणजे जुवारी पुलावर भर रांगेत गाडी बंद करून बॉनेट उघडणारी. दुसरी म्हणजे "आमचा काटा असाच दाखवतो" म्हणत मोलेहून थेट अनमोडचा घाट चढायला लागणारी. पहिल्याचा नुसता वेळ जातो, दुसऱ्याचं हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, वाकतं. म्हणून खरं-खोटं कळेपर्यंत काटा खराच आहे असं मानायचं. बाजूला घ्या, एसी बंद करा, इंजिन थंड होऊ द्या. आणि रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका. त्या झाकणाने आतला दाब धरून ठेवलेला असतो. ०.९ बार दाबाचं झाकण असेल तर आतलं पाणी ११८ अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. झाकण फिरवलंत की दाब जातो आणि तेच पाणी त्या क्षणी उसळून तोंडावर येतं.

आता काटा हा एकच साक्षीदार झाला. बाकीच्यांनाही विचारायला हवं. कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवायला रेडिएटरच्या पाण्यात घालतात त्या द्रवाचा, गोडसर वास येतोय का? वाफ दिसते का? इंजिनची ताकद कमी झाली का, ठकठक आवाज येतो का? आणि रेडिएटरचा पंखा काय करतोय? पुष्कळ गाड्यांत पंख्याचा स्विच वेगळा असतो, काट्याचा सेन्सर वेगळा. पंखा साधारण ९२ ते ९५ अंशांना चालू होतो आणि पाच-सहा अंश उतरले की थांबतो. पणजीच्या ट्रॅफिकमध्ये तो आपणहून चालू होऊन आपणहून बंद होत असेल, तर काटा काहीही म्हणो, इंजिन ठीक आहे. मात्र तुमच्या गाडीचा पंखा कुणी "डायरेक्ट" करून ठेवला असेल, म्हणजे चावी फिरवली की सुरू, तर हा साक्षीदार बाद.

काट्याची चाल बघा. इंजिनचं लोखंड आणि आतलं तीन-चार लिटर पाणी ही संथ मंडळी आहेत. तापायला वेळ घेतात, निवायलाही घेतात. त्यामुळे काटा सावकाश चढत असेल तर गंभीरपणे घ्या. पण पावसात वायपर लावला, हेडलाइट लावला आणि काटा दोन रेघा वर उडाला, वायपर बंद केला आणि खाली आला, तर ते पाण्याचं काम नव्हे. तो विजेचा खेळ आहे, आणि बहुतेक वेळा अर्थिंगचा.

जुन्या गाडीत ही सगळी भानगड अगदी साधी असते. थर्मोस्टॅट म्हणजे रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारी झडप, तिच्या जवळपास पितळेचा एक छोटा सेन्सर आट्यांनी बसवलेला असतो, त्याच्या डोक्यावर एकच वायर. आतल्या गोळीचा गुण असा की गरम झाली की तिचा विजेला होणारा विरोध कमी होतो. आपल्याकडच्या तीस अंशांपासून शंभर अंशांपर्यंत जाताना तो आठ-दहा पटींनी घटतो. विरोध घटला की करंट जास्त जातो आणि काटा एचकडे सरकतो. म्हणजे तपासणीला दोनच गोष्टी पुरतात. इंजिन थंड असताना चावी ऑन करा, सेन्सरवरची वायर काढा. काटा सीला पडायला हवा. नाही पडला, एचलाच चिकटून राहिला, तर वायर वाटेत कुठेतरी बॉडीला घासून शॉर्ट झाली आहे, नाहीतर मीटरच गेला. मग तीच वायर १२ व्होल्ट ३.४ वॅटच्या छोट्या बल्बमधून इंजिनच्या लोखंडाला टेकवा. काटा एचकडे निघायला हवा. निघाला की लगेच वायर काढा, मीटर जळेपर्यंत थांबू नका. काटा हलला म्हणजे मीटर आणि वायर चांगली, संशय उरला सेन्सरवर. नाही हलला तर सेन्सर विकत घेऊन उपयोग नाही, आणि नेमकी हीच चूक गॅरेजात रोज होते. इंजेक्शनवाल्या गाडीत शेजारी दोन वायरींचा दुसरा सेन्सर असतो, तो कंप्युटरचा. त्याला हा प्रयोग करू नका. तिथे स्कॅनर लावून कंप्युटर किती अंश वाचतोय ते बघा आणि काट्याशी ताडून पाहा.

अर्थिंगकडे वळू. एका वायरीच्या सेन्सरला परतीची वाट मिळते ती त्याच्या स्वतःच्या आट्यांतून. कुणीतरी पाणी गळू नये म्हणून नळाची पांढरी टेप भरपूर गुंडाळली की ही वाट अडते आणि काटा खरं असेल त्यापेक्षा खाली दाखवतो. इंजिनपासून बॉडीला जाणारी अर्थची पट्टी हीसुद्धा कळंगुट, कोलव्याकडच्या गाड्यांत लवकर खराब होते. खारा वारा आणि चार महिने पाऊस, तांब्यावर हिरवा थर धरतोच. जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं थेट इंजिनला लावून बघा. काटा शहाण्यासारखा वागू लागला तर आजार सापडला. बारीक पॉलिश पेपरने घासा, घट्ट आवळा, वरून पेट्रोलियम जेली लावा. आणखी एक खूण म्हणजे टेंपरेचरचा आणि पेट्रोलचा काटा दोन्ही एकदम वर दाखवू लागले तर सेन्सरच्या नादी लागू नका. काही जुन्या गाड्यांत या दोन्ही मीटरना ठराविक व्होल्टेज देणारा छोटा स्टॅबिलायझर मीटरच्या मागे असतो. तो बिघडला किंवा त्याचं अर्थिंग सुटलं की दोघेही वाढवून सांगतात.

आता आपल्याकडचा खास विषय, थर्मोस्टॅट. गाडी एकदा गरम झाली की मेस्त, म्हणजे आपला मेकॅनिक, म्हणतो, "पात्रांव, हांगा थंडी खंय आसा? काडून उडोवया तो." आणि काढतो. माझं याबाबतीत स्पष्ट मत आहे, ते असं की हा उपाय नव्हे. थर्मोस्टॅट साधारण ८२ अंशांना उघडू लागतो. तोपर्यंत तो पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही आणि इंजिन लवकर कामाच्या तापमानाला येतं. तो नसला की सकाळी फोंड्याहून निघालेली गाडी पणजी आली तरी थंडच. पेट्रोल जास्त पितं, ऑइलमधला ओलावा उडून जात नाही, काळा चिखल साठतो. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट काढला की बायपासची वाट कायमची उघडी राहते, पाण्याचा एक हिस्सा रेडिएटरकडे न जाताच गरगर फिरतो आणि घाटात गाडी उलट जास्त तापते. आणि इकडे मालकाची तक्रार काय, तर काटा सीच्या वर येतच नाही, मीटर खराब आहे. मीटर बिचारा खरं सांगत असतो! ओळखायचं कसं? सकाळी थंड इंजिन चालू करा आणि रेडिएटरच्या वरच्या होज पाइपवर हात ठेवा, पंख्यापासून सांभाळून. थर्मोस्टॅट असेल तर पाइप बराच वेळ गार राहतो आणि मग अचानक तापतो, हात मागे घ्यावा लागतो. नसेल तर पहिल्यापासून हळूहळू कोमट होत जातो.

सगळ्यात घातक प्रकार वेगळाच आहे. होज फुटला, पाणी सगळं गेलं, सेन्सर पाण्याबाहेर उघडा पडला. मग तो पाण्याचं नव्हे, हवेचं तापमान सांगतो आणि इंजिन भाजून निघत असताना काटा खाली येतो. चढावर काटा चढत होता आणि मध्येच आपोआप उतरला तर खूश होऊ नका, थांबा. हीटर असेल तर लावून पाहा. थंड वारा आला म्हणजे आत पाणी फिरत नाही.

सेन्सर तपासायला किनाऱ्यावर राहण्याचा एक फायदा आहे, इथे पाणी १०० अंशांना उकळतं. आंबोलीला ते दोन-एक अंश आधीच उकळेल. थंड इंजिनमधून सेन्सर काढा, मूळ वायर लांब करून त्याच्या डोक्याला जोडा, दुसरी वायर त्याच्या पितळी अंगाला गुंडाळून बॅटरीच्या मायनसला द्या. चावी ऑन करून सेन्सरचं फक्त टोक उकळत्या पाण्यात धरा, डोकं कोरडं ठेवा. काटा कुठे थांबतो ते बघा आणि काचेवर पेनाने बारीक ठिपका द्या. हे तुमचे शंभर. पाणी निवताना थर्मामीटरने ८२वर दुसरा ठिपका द्या. तापमान मोजायची लेझरची बंदूक आता स्वस्त मिळते, पण चकचकीत अॅल्युमिनियमवर ती कमी दाखवते, म्हणून आधी थर्मोस्टॅटच्या घरावर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा आणि त्यावर नेम धरा.

नवा सेन्सर घेताना जुना बरोबर न्या. आटे तेच असले तरी आतली गोळी वेगळी असू शकते. मग नवा बसवूनही काटा भलतीकडेच. म्हणून नव्यालाही आधी उकळत्या पाण्याची परीक्षा द्या. बसवल्यावर कूलंट भरा, झाकण उघडं ठेवून इंजिन चालू करा आणि बुडबुडे थांबेपर्यंत भरत राहा. मग झाकण लावा. दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन थंड असताना पातळी पुन्हा बघा, हवा निघाली की ती हमखास थोडी खाली गेलेली असते.

नमस्कार.