दादरच्या शाळेतल्या बाई : सुलभा देशपांडे

[दृश्य : नाटकाच्या तालमीची रिकामी जागा. एक टेबल, चार खुर्च्या, मागे बंद दार.]

खटला संपत आलाय. काशीकर, म्हणजे न्यायाधीश, मघापासून कानकोरण्यानं कान कोरत बसलेले आहेत. निकालाआधी ते आरोपीला सांगतात, तुला काही म्हणायचं असेल तर म्हण. वेळ दिला आहे दहा सेकंदांचा.

आरोपीचं नाव लीला बेणारे. व्यवसाय शिक्षिका. आरोप भ्रूणहत्येचा. खटला म्हणे खोटा, वेळ घालवायला मांडलेला खेळ. पण आता कुणीच खेळत नाहीये.

त्या दहा सेकंदांत बाकीची सगळी पात्रं जागच्या जागी थिजतात आणि बेणारे बोलायला लागते. ती मिनिटांमागून मिनिटं बोलत राहते. शाळा, पोरवयातलं प्रेम, शरीर, तिचा देह तेवढा वापरून निघून गेलेला एक विद्वान, आणि पोटातलं मूल. तिचं बोलून झालं की मंडळी पुन्हा हालचाल करू लागतात आणि निकाल सुनावतात. यातलं अक्षरही कुणी ऐकलेलं नसतं. प्रेक्षक सोडून.

'शांतता! कोर्ट चालू आहे'. विजय तेंडुलकरांचं नाटक, 'रंगायन' या नाट्यसंस्थेची निर्मिती, दिग्दर्शक अरविंद देशपांडे. पहिला प्रयोग १९६७ सालच्या डिसेंबरात, राज्य नाट्य स्पर्धेत. बेणारे होत्या त्यांच्या पत्नी, सुलभा देशपांडे. वय तिशीला टेकलेलं.

हे स्वगत लिहायला तेंडुलकर आधी तयार नव्हते म्हणतात. बेणारेनं सगळं उघड बोलून दाखवायची गरज काय, असं त्यांचं म्हणणं. अरविंद देशपांडे मात्र हटून बसले. प्रयोग तोंडावर आला, तेव्हा लेखकाला खोलीत कोंडून ते लिहून घेतलं गेलं, अशी आठवण सांगितली जाते. नाटकवाल्यांनी ती इतक्या वेळा सांगितली आहे की कडी कुणी घातली यावरही आता दोन मतं निघतील. पण एवढं खरं, की मराठी रंगभूमीवर पुढे ज्या स्वगतावर कितीतरी मुली स्पर्धांमधून आणि प्रवेशपरीक्षांमधून उभ्या राहिल्या, ते पहिल्यांदा तोंडात बसवायला सुलभाताईंच्या हाती फार दिवस नव्हते.

[दृश्य : दादर पश्चिम. स्टेशनबाहेरची गर्दी, भाजीवाले, शाळेची पाटी.]

सुलभाताईंचा जन्म मुंबईतला, १९३७ सालचा. माहेरचं आडनाव कामेरकर. नाटकात नाव होण्याआधी आणि झाल्यानंतरही त्या शिक्षिका होत्या. शाळा दादरची, छबिलदास. वर्गात शिकवायचं, शाळेच्या स्नेहसंमेलनाला मुलांची नाटकं बसवायची, आणि संध्याकाळी तालमीला जायचं.

शिक्षिकेनंच शिक्षिकेची भूमिका करावी, यात योगायोग किती आणि निवड किती, हे शोधत बसण्यात अर्थ नाही. पण नाटक वाचताना हे लक्षात ठेवायला हवं. बेणारे पहिल्या प्रवेशात येते तीच मुळी शाळेचं कौतुक सांगत. मुलं तिच्यावर किती जीव टाकतात, ती शाळेला कधी उशिरा कशी जात नाही. येता येता दाराच्या कडीत तिचं बोट सापडतं. ती बोट चोखते, हसण्यावारी नेते. तेंडुलकरांची ही कारागिरी पाहून घ्या : पुढे तिला तिथून पळून जायचं असतं तेव्हा हीच कडी बाहेरून बसलेली असते. पहिल्या अर्ध्या तासात ही बाई खेळकर, नकला करणारी, थोडी आगाऊसुद्धा वाटायला हवी. ते जमलं नाही तर शेवटचं स्वगत नुसती रडारड होऊन बसतं. ही भूमिका करताना अनेक गुणी नट्यांचा पाय इथेच घसरतो. त्या पहिल्या मिनिटापासूनच दुःखी असतात.

'रंगायन' १९६० साली सुरू झाली होती. विजया मेहता, तेंडुलकर, श्रीराम लागू, अरविंद आणि सुलभा देशपांडे, सगळी तिथलीच. पुढे मतभेद झाले, माणसं बाहेर पडली. १९७१ साली अरविंद देशपांडे, सुलभाताई आणि अरुण काकडे यांनी 'आविष्कार' ही संस्था काढली. सुरुवातच गिरीश कार्नाडांच्या 'तुघलक'नं, तेंडुलकरांच्या मराठी अनुवादात. अरुण सरनाईकांचा तुघलक. एवढं अवाढव्य नाटक हौशी संस्थेच्या खिशाला कसं परवडलं असेल, हा प्रश्न काकडेकाकांना विचारायचा होता. ते २०१९ साली गेले.

मोठी नाट्यगृहं परवडत नव्हती, हे तर उघडच होतं. तारखा व्यावसायिक नाटकांच्या ताब्यात, भाडं अंगावर येणारं. मग जागा सापडली ती सुलभाताईंच्या शाळेत. छबिलदासचं वरच्या मजल्यावरचं सभागृह. १९७४ पासून तिथे प्रयोग होऊ लागले.

[दृश्य : जिना. पायऱ्या चढणारी पावलं. वर मोकळं सभागृह, जमिनीवर सतरंज्या.]

पडद्याची सोय नाही, विंगा नाहीत, खाली बाजार आणि जवळून धडधडणाऱ्या लोकल. नट आणि प्रेक्षक यांच्यात हातभर अंतर. नाट्यगृहात शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकायची सवय लागलेल्या नटाची इथे पंचाईत व्हायची, कारण समोरच्या माणसाला त्याच्या पापणीची हालचालही दिसत होती. बादल सरकारांचं 'जुलूस' अमोल पालेकरांनी इथेच केलं, प्रेक्षकांच्या मधोमध. कोणता गट कोणत्या विचाराचा, हे बघून जागा दिली गेली नाही. ज्याला काही नवं करून बघायचंय त्यानं यावं, तिकीट कमी ठेवावं. सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकात प्रायोगिक नाटकाला लोक सरळ 'छबिलदास' म्हणू लागले. शाळेचं नाव चळवळीला लागलं.

सुलभाताईंच्या कारकिर्दीचा हिशेब भूमिकांवरून मांडला, की नेमकं हेच निसटतं. त्यांनी केलेल्या भूमिकांपेक्षा त्यांच्यामुळे दुसऱ्यांना करायला मिळालेल्या भूमिका जास्त आहेत. अभिनेत्री म्हणून हे त्यांना महाग पडलं असं माझं मत आहे. बेणारेनंतर व्यावसायिक रंगभूमीवर जाऊन नाव आणि पैसा कमावण्याचा रस्ता मोकळा होता. त्यांनी वेळ दिला तो संस्थेला.

आणि मुलांना. आविष्कारची मुलांसाठीची शाखा 'चंद्रशाला', तिच्या मागे सुलभाताई उभ्या होत्या. 'दुर्गा झाली गौरी' हे नृत्यनाट्य आठवणारे आजचे चाळिशी-पन्नाशीचे मुंबईकर भेटतात, आणि त्यातले काही जण 'आम्ही त्यात होतो' असंही सांगतात, कारण रंगमंच भरून मुलं असायची. तेंडुलकरांच्या 'राजाराणीला घाम हवा' या बालनाट्यावरून १९७८ साली सुलभाताईंनी चित्रपट दिग्दर्शित केला, 'राजा रानी को चाहिए पसीना'. चिल्ड्रन्स फिल्म सोसायटीसाठी. दिग्दर्शिका म्हणून त्यांचं नाव क्वचितच कुणी घेतं.

[दृश्य : जुन्या कृष्णधवल चित्रपटाची गोठवलेली चौकट. बेणारेचा चेहरा.]

आता सिनेमा. १९७१ साली सत्यदेव दुबे यांनी 'शांतता! कोर्ट चालू आहे' पडद्यावर आणलं. कॅमेऱ्यामागे गोविंद निहलानी. पडद्यावर सुलभाताई, आणि लहान भूमिकांत तेव्हा फारसे कुणाला माहीत नसलेले दोघं : अमोल पालेकर आणि अमरीश पुरी. हिंदी-मराठीतल्या समांतर सिनेमाचा एक झरा या नाटकवाल्यांच्या घोळक्यातून निघाला, हे त्या श्रेयनामावलीवरून दिसतं. सगळी एकमेकांच्या तालमीतली माणसं. कॅमेरा नवा, पैसा तुटपुंजा.

सहा वर्षांनी श्याम बेनेगलांच्या 'भूमिका'त पालेकर, पुरी आणि सुलभाताई पुन्हा एकत्र आले. हंसा वाडकरांच्या आत्मकथनावरचा हा चित्रपट. स्मिता पाटील नायिका उषा, आणि सुलभाताई तिची आई, शांता. मुलीनं सिनेमात जाऊ नये, पुढे तिचा नवरा होणाऱ्या केशवच्या नादी लागू नये, असं म्हणणारी. चित्रपट उषाचा, त्यामुळे आईचा विरोध आपल्याला आडमुठा वाटतो. पुढे केशव कसा निघतो ते बघितल्यावर मात्र त्या बाईला काय दिसत होतं ते कळतं. ही आई 'मी सांगितलं होतं' असं तोंडानं म्हणत नाही. चेहरा म्हणतो.

तेव्हा सुलभाताई चाळिशीच्या होत्या. आणि पडद्यानं त्यांना तिथून पुढे आईच केलं. जब्बार पटेलांचा 'जैत रे जैत', सईद मिर्झांचा 'अरविंद देसाई की अजीब दास्तान', मग पुढचे कितीतरी हिंदी चित्रपट. आई, सासू, मावशी, आजी. नाटकानं त्यांना बेणारे दिली, सिनेमानं दुसरी बेणारे कधी दिली नाही. 'नव्या' सिनेमाच्या दिग्दर्शकांकडेही चाळिशीतल्या बाईसाठी नवं काही फारसं नव्हतं, हे बोलायला हवं.

१९८७ सालच्या जानेवारीत अरविंद देशपांडे गेले. त्याच वर्षीचा संगीत नाटक अकादमी पुरस्कार सुलभाताईंना मिळाला. आविष्कार बंद पडेल असं वाटणारे बरेच होते. सुलभाताई आणि काकडे यांनी ती चालू ठेवली. अरविंद देशपांडे यांच्या नावानं नाट्यमहोत्सव सुरू केला. नव्वदच्या दशकात छबिलदासचं सभागृह सुटलं, तेव्हा बस्तान हललं माहीमच्या महापालिका शाळेत. पुन्हा शाळाच.

[दृश्य : मालिकेचा सेट. दिवाणखाना, प्रखर दिवे, मेकअप चालू.]

टीव्हीबद्दल नाटकवाले नाक मुरडतात. सुलभाताईंनी तो प्रकार केलेला दिसत नाही. हिंदीत 'एक पॅकेट उम्मीद', 'बदलते रिश्तों की दास्तान', मराठीत झीवरची 'अस्मिता'. रोजच्या मालिकेत तालीम हा प्रकार नसतो. पानं सेटवर हातात पडतात, एकदा वाचायची, की शॉट. ज्या बाईनं तालमीत महिने घालवले तिच्यासाठी हे सोपं नसणार. वयाच्या सत्तरीत त्या हे करत होत्या. प्रायोगिक नाटकानं पोट भरत नाही, हे कारण आहेच, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण काम करायची सवय हेही कारण असावं.

मधेच उमेश कुलकर्णींचा 'विहीर' येतो, माणसांनी गजबजलेलं गावाकडचं घर, त्या घरात त्या आहेत. आणि २०१२ साली 'इंग्लिश विंग्लिश'. श्रीदेवी म्हणजे शशी, लाडू करून विकणारी, घरात इंग्रजीवरून टोमणे खाणारी. त्या घरात नवरा हसतो, मुलगी हसते. सासू हसत नाही. हिंदी सिनेमात सुनेच्या बाजूची सासू किती वेळा दिसते ते मोजा. सुलभाताईंचे प्रसंग थोडे आहेत, पण त्या घरात शशीला मोकळं वाटू देणारं कुणीतरी आहे, हे आपल्याला त्यांच्या नुसत्या असण्यानं कळतं.

४ जून २०१६ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. वय ७९. दुसऱ्या दिवशी बऱ्याच ठिकाणी बातमीचा मथळा होता तो 'इंग्लिश विंग्लिश'मधल्या सासूचा. १९६७ चा प्रयोग ज्यांनी पाहिला ते आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यातलं कुणी तुमच्या घरात, शेजारात असेल तर एकदा बसून विचारा, ती बेणारे कशी होती.