मुंगीचा जीव केवढा?

(दृश्य: विहिरीचा काठ. दुहेरी घडीच्या जाड कापडातून कळशीत पडणारं पाणी.)

पाणी गाळून झालं. आता कापडाकडे लक्ष द्या. ते झटकायचं नाही, पिळायचं तर मुळीच नाही. गाळलेल्या पाण्यानेच ते उलटं करून विसळायचं आणि ते विसळलेलं पाणी ज्या विहिरीचं, त्याच विहिरीत अलगद सोडायचं. कापडाला चिकटलेले, डोळ्यांना न दिसणारे जीव आपापल्या घरी गेले पाहिजेत.

या जीवांची मोजदाद जैन शास्त्रांनी इंद्रियांवरून केली आहे. पृथ्वी, पाणी, अग्नी, वारा आणि वनस्पती यांना एकच इंद्रिय, स्पर्श. कृमीला चवही कळते, मुंगीला त्यावर वास, भुंग्याला त्यावर दृष्टी. ऐकूही येऊ लागलं की पाच झाली. त्या पाचांच्या रांगेत गाय आहे, हत्ती आहे, आपणही आहोत.

आत्मा मात्र मुंगीचा लहान आणि हत्तीचा मोठा, असं नाही. तत्त्वार्थसूत्र हा जैन तत्त्वज्ञानाचा मूळ ग्रंथ त्याला दिव्याची उपमा देतो: मडक्यात ठेवला तर उजेड मडक्यापुरता, दालनात ठेवला तर दालनभर. हाच आत्मा कर्मानुसार देह बदलत अनादी काळापासून फिरतो आहे. म्हणजे पायाखालचा किडा कधीकाळी आपली आई असेल. ऐकायला विचित्र वाटतं खरं, पण फेऱ्याला सुरुवातच नाही म्हटल्यावर कोणाचं कोणाशी नातं लागायचं राहिलं असेल?

(दृश्य: उसाचं शिवार.)

मग शेतकऱ्याने करायचं काय? जैन म्हणजे पेढीवर बसणारा, असं समजणाऱ्यांनी एकदा सांगली-कोल्हापूरकडे जाऊन यावं. तिथे पिढ्यानपिढ्या शेती करणारे जैन आहेत आणि नांगर चालला की गांडुळं मरणारच. परंपरा तर सांगते की शेती शिकवली ती पहिले तीर्थंकर ऋषभदेव यांनीच. गृहस्थाला शास्त्राने वाट ठेवली आहे. ठरवून मारणं, म्हणजे संकल्पी हिंसा, त्याने पूर्ण सोडायची. चुलीपाशी होणारी आरंभी, कामधंद्यातली उद्योगी, स्वसंरक्षणातली विरोधी, या होतील तितक्या कमी करायच्या.

(दृश्य: अनवाणी चालणारे मुनी, हातात मोरपिसांची पिंछी.)

मुनींना ही सवलत नाही. चार हात पुढची जमीन बघत पाऊल टाकायचं, बसण्याआधी जागा पिंछीने हळूच झाडायची. तरीही एखादी मुंगी अवचित पायाखाली आली तर? तत्त्वार्थसूत्रातली हिंसेची व्याख्या सुरू होते ती 'प्रमत्तयोगात्', म्हणजे बेसावधपणामुळे, या शब्दाने. सावध चालणाऱ्याच्या पायाखाली जीव गेला, तरी त्याला हिंसेचा दोष लागत नाही. बेफिकीर चालणाऱ्याला मात्र एकही जीव न मरता लागतो. मला विचाराल तर अख्ख्या विचारातली सर्वांत कडक अट हीच.

म्हणूनच श्वेतांबर पंथाच्या जैनांच्या प्रतिक्रमणात, म्हणजे झालेले दोष कबूल करण्याच्या विधीत, येण्याजाण्यात झालेल्या हिंसेची क्षमा मागताना एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंत सर्व जीवांचा उल्लेख होतो आणि दुखावण्याचे दहा प्रकार उच्चारले जातात. ठोकरलं, धुळीने झाकलं, घासलं, एकमेकांवर आपटलं, थकवलं, घाबरवलं. जीव घेणं अगदी शेवटी येतं. त्याच्या आधी, तितक्याच गंभीरपणे, म्हटलं जातं: 'ठाणाओ ठाणं संकामिया'. एका जागेवरून उचलून दुसरीकडे टाकलं. तस्स मिच्छामि दुक्कडं. ते माझं दुष्कृत्य मिथ्या होवो.