ट्रक उंच केला किंवा खाली केला, की नेमकं काय झिजतं?

कॅमेरा आता ट्रकच्या खाली आहे, पुढच्या चाकाजवळ. डिफरन्शियलमधून, म्हणजे इंजिनची ताकद दोन्ही चाकांत वाटणाऱ्या गिअरच्या डब्यातून, निघून चाकाकडे जाणारा हा जो दांडा दिसतोय ना, तो ड्राइव्ह शाफ्ट. कंपनीतून गाडी बाहेर पडते तेव्हा तो जवळपास आडवा असतो, अगदी थोडा उतार. या ट्रकला लिफ्ट किट, म्हणजे गाडी उंच करणारे सुटे भाग, बसवलंय, म्हणून चाक आहे तिथेच राहिलं आणि डिफरन्शियल वर गेलं, आणि शाफ्ट चक्क तिरका झालाय. आता त्याच्या टोकाचा काळा रबरी बूट बघा. एका बाजूच्या घड्या एकमेकींवर दाबल्या गेल्यात, दुसऱ्या बाजूच्या ताणल्यात. चाक फिरलं की प्रत्येक घडी एकदा दाबली जाते, एकदा उघडते. ३० इंची टायर एका किलोमीटरमध्ये ४०० हून जास्त फेऱ्या मारतो, म्हणजे घड्यासुद्धा तेवढ्याच वेळा घासणार. एक दिवस बूट फाटतो, ग्रीस बाहेर उडतं, आत धूळ-पाणी शिरतं आणि मग बुटाच्या आतला सीव्ही जॉइंट, म्हणजे शाफ्ट तिरका असतानाही चाक फिरवणारा सांधा, काही फार दिवस टिकत नाही.

या सगळ्यात झिजवणारी गोष्ट उंची नाहीये, कोन आहे. गाडीखालचा प्रत्येक जॉइंट एका ठराविक कोनाच्या आसपास काम करायचं धरून बनवलेला असतो, आपण उंची बदलली की गाडी नुसती उभी असतानाच तो कोन हललेला असतो, वर केलं तरी आणि खाली केलं तरी.

आणि एकच लिफ्ट दोन गाड्यांना सारखी झिजवत नाही बरं का. पार्ट-टाइम फोर-व्हील-ड्राइव्ह असेल, म्हणजे चारही चाकांना ताकद गरजेपुरतीच, आणि पुढच्या चाकांना फ्री-व्हीलिंग हब, म्हणजे चाक शाफ्टपासून सोडवता येणारे हब, असतील तर हब उघडे (सोडवलेले) असताना ते शाफ्ट फिरतच नाहीत, तिरके का असेनात, नुसते लटकून असतात. फुल-टाइम, म्हणजे चारही चाकांना कायम ताकद, असेल तर मात्र प्रत्येक किलोमीटरला फिरणार, त्याच तिरक्या कोनात. त्यामुळे किती इंच वर करू हे विचारायच्या आधी माझ्या गाडीचे पुढचे शाफ्ट कधी फिरतात हे बघा, असं मी तरी कळकळीने सांगेन.

आता टायर. लिफ्ट झाल्यावर लोक कॅम्बरबद्दल, म्हणजे चाक आत-बाहेर किती झुकलंय त्याबद्दल, बोलतात, आणि ते खरंच आहे, गाडी खाली केली की चाकं वरून आत झुकतात आणि टायरची आतली कड झिजते, वर केली की बहुधा उलटं होतं, अर्थात आर्मची लांबी कशी आहे त्यावर ते ठरतं. पण टायर जास्त भराभर खाणारा प्रकार टो आहे, म्हणजे चाकांचं तोंड सरळ पुढे आहे की आत-बाहेर वळलंय ते. स्टिअरिंगकडून चाक वळवणारा टाय रॉड एका वर्तुळात फिरतो, चाक धरून वर-खाली होणारा सस्पेन्शन आर्म वेगळ्या वर्तुळात, उंची बदलली की दोघांचं गणित जुळत नाही आणि चाकं आत किंवा बाहेर वळून राहतात. मग टायर सरळ न लोळता थोडा थोडा आडवा घासत जातो. हे डोळ्यांना लवकर दिसत नाही, हाताला कळतं. तळवा टायरवरून आडवा फिरवा, आधी आत, मग बाहेर. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं टोचलं तर टो गेलाय.

मागे वेगळीच गोष्ट चालू असते. मागच्या एक्सलकडे ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या दोन्ही टोकांना क्रॉस जॉइंट, म्हणजे अधिक चिन्हाच्या आकाराचे सांधे, असतात, आणि कोनात फिरणारा क्रॉस एकसारख्या वेगाने फिरवतच नाही, एका फेरीत दोनदा वेग वाढतो, दोनदा कमी होतो. दोन्ही टोकांचे कोन सारखे असतील तर दुसरा क्रॉस पहिल्याची चूक भरून काढतो. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांखाली ब्लॉक घातले आणि एक्सलचं तोंड जरा वर-खाली फिरलं की ही जुळणी मोडते, थरथर सुरू होते, आणि ती थरथर क्रॉसच्या सुयांपासून (त्याच्या बेअरिंगमधले बारीक रोलर) ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या ट्रान्सफर केसच्या बेअरिंग आणि सीलपर्यंत पोचते. म्हणून पाचर घालून कोन परत जुळवतात. कोन अगदी शून्य झाला तरी चांगलं नाही हं, कारण मग सुया जागच्या जागी राहतात, लोळत नाहीत, आणि एकाच जागी खड्डे पाडतात. गाडी खाली करणाऱ्यांनी हे नक्की तपासावं.

खाली केलेल्या ट्रकमध्ये आणखी एक त्रास. आर्म आणि त्याला थांबवणारा रबरी ठोकळा, म्हणजे बंप स्टॉप, यांच्यामधली जागा कमी होते, मग प्रत्येक खड्ड्याला आर्म जाऊन आदळतो आणि तो मार स्प्रिंगऐवजी बॉल जॉइंट, ब्रॅकेट, चॅसिस यांना बसतो. वर केलेल्या गाडीत बरोबर उलट, खाली लटकायची जागा संपते. टॉर्शन बार, म्हणजे पिळून स्प्रिंगचं काम करणारी सळई, पिळून उंची वाढवतात तेव्हा लोकांना वाटतं स्प्रिंग कडक झाली, बार तेवढाच मऊ आहे, फक्त चाक खाली जायला जागाच उरली नाहीये म्हणून शॉक अॅब्सॉर्बर पूर्ण ताणला जाऊन ठोके देतो.

ब्रेकचं तर कुणी नावच काढत नाही. बऱ्याच पिकअपमध्ये मागे एक व्हॉल्व्ह असतो, एक्सलला दांडीने जोडलेला, मागची बाजू दबली की त्याला कळतं माल भरलाय आणि तो मागच्या ब्रेकला जास्त प्रेशर देतो. लिफ्टनंतर त्याला गाडी कायम रिकामीच वाटते! मागचे ब्रेक कमी लागतात, पुढचे पॅड लवकर संपतात, आणि माल भरलेला असताना गाडी थांबायला जास्त अंतर घेते, जे पॅडच्या खर्चापेक्षा कितीतरी गंभीर आहे. त्या दांडीचं ब्रॅकेट लिफ्टएवढं सरकवायचं, एवढंच काम आहे.

शेवटी बुश, म्हणजे सांध्यातली रबरी गादी, कारण इथे झीज किट बसवायच्या दिवशीच सुरू होते. आर्मचं रबरी बुश आपल्या नळीला चिकटलेलं असतं, ते घसरत नाही, पिळलं जातं आणि परत येतं. चाकं हवेत लटकत असताना बोल्ट कसले तर गाडी खाली उतरवल्यावर ते बुश कायमचं पिळलेल्या अवस्थेत राहतं, आणि थोड्याच काळात चिरतं. त्यामुळे गाडी चाकांवर उभी करायची, वजन पूर्ण बसू द्यायचं, बोल्ट ढिले करून तिथेच परत कसायचे. व्हील अलाइनमेंट त्यानंतर, आधी नाही, कारण बुश मोकळं झालं की उंची पुन्हा थोडी बदलते.