बांध, मानस आणि भातानंतरचं पीक

श्रोतेहो, नमस्कार.

वैशाख सरत आला, मृग तोंडावर आहे. अशा वेळी शाश्वत शेतीवर बोलायला बसलेला माणूस बहुधा शेणखत आणि गांडूळखतापासून सुरुवात करतो. मी बांधापासून करतो. गोव्यात भात वाढवायचं तर खताच्या गोणीआधी खारं पाणी आवरावं लागतं.

आपली भातशेती तीन प्रकारची. डोंगरउतारावरची मोरड, मधली रेताड खेर, आणि मांडवी, झुवारीच्या भरतीच्या पाण्याकडून पूर्वजांनी मिळवलेली खाजन. खाजनाचं क्षेत्र सुमारे 18 हजार हेक्टर. चिखल, चिरे, पेंढा आणि खारफुटीच्या फांद्या घालून त्यांनी बांध उभे केले आणि जागोजागी मानस, म्हणजे पाणी सोडायची-अडवायची दारं, बसवली. मानशीच्या लाकडी दारांना राखणदार लागत नाही. भरतीचं पाणी चढलं की त्याच्याच रेट्यानं दारं मिटतात, ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबानं उघडतात आणि शेतातलं जास्तीचं पाणी नदीत जातं. ना वीज, ना डिझेल. शेतीच्या कुठल्याही नव्या यंत्राइतकीच ही रचना कौतुकाची आहे, आणि तिची डागडुजी करायला आज माणूस मिळत नाही हे दुखणं आहे.

पूर्वी बांधाची जबाबदारी गावकरीची, म्हणजे गावाच्या सामायिक जमिनी सांभाळणाऱ्या कोमुनिदादीची होती. 1964 च्या कूळ कायद्यानंतर कुळांना हक्क मिळाले, ते मिळायलाच हवे होते. पण सगळ्यांचा बांध सांभाळायची शिस्त बऱ्याच गावांत विस्कटली. त्यात मानशीच्या पावणीचा, म्हणजे तिथली मासळी धरायच्या हक्काच्या लिलावाचा प्रश्न. मासळी जास्त मिळावी म्हणून कोणी दारं अडवून खारं पाणी आत घेतलं, तर मासळीचे पैसे एकाला मिळतात आणि मिठाचा फटका अख्ख्या शेताला बसतो. पावणी घेणाऱ्याला दारं केव्हा उघडायची आणि केव्हा नाही, हे कागदावर लिहून द्या. तोंडी बोलणं पहिल्या उधाणाबरोबर वाहून जातं.

बांध फुटला आणि शेत तीन-चार वर्षं पडीक राहिलं, तर आत खारफुटी उगवते. खारफुटी बांधाच्या बाहेर हवी, तिथं ती लाटांचा मार झेलते. शेतात वाढली की कायद्याचं संरक्षण तिला तिथंही आहे, मग तोडायला परवानगी काढत बसा. म्हणून खेकड्यांची बिळं, खचलेले चिरे, मानशीच्या फळ्यांतल्या फटी आत्ताच पाहून घ्या. पाहायची वेळ अमावास्या किंवा पौर्णिमेच्या उधाणाची, कारण पाणी कुठून झिरपतं ते तेव्हाच दिसतं.

आता बियाणं. खाजनातलं आपलं जुनं भाताचं वाण, कोरगुट, खारं पाणी सोसतं. पहिल्या पावसांनी मीठ धुऊन गेलं की मोड आणलेलं बी फेकायचं, ही जुनी रीत. पण कोरगुट उंच वाढतो, वाऱ्यात लोळतो आणि उतारा कमी देतो. जुन्या गोव्यातल्या एला इथल्या केंद्रीय संशोधन संस्थेनं याच कोरगुटातून निवड करून गोवा धान 1 आणि गोवा धान 2 हे वाण दिले. खार सोसायचा गुण तोच, उतारा मात्र जास्त. एकट्या जया किंवा ज्योती या भाताच्या जातींवर खाजनात भिस्त ठेवू नका. त्या गोड्या पाण्याच्या शेतात शोभतात.

मोरड आणि खेरीत जिथं पाणी हातात असतं, तिथं भातलावणीची 'श्री' (SRI) पद्धत करून पाहा. 8 ते 12 दिवसांचं कोवळं रोप, एका जागी एकच, 25 सेंटिमीटरवर चौकोनी लावायचं. शेत सतत तुडुंब ठेवायचं नाही, ओलं-सुकं होऊ द्यायचं. मुळं खोल जातात, फुटवे भरपूर येतात, बी थोडं लागतं. तणं मात्र वाढतात, ती काढायला कोळपं आणि माणसं हवीत. खाजनात पाणी तुमच्या ताब्यात नसतं, तिथं या पद्धतीच्या नादी लागू नका.

खताचं म्हणाल तर हिरवळीच्या खताचा धैंचा चांगला, पण तो फुलावर येईपर्यंत महिना-दीड महिना शेत अडून बसतं, आणि आपल्याकडे पाऊस येताच लावणीची घाई. त्यापेक्षा गिरीपुष्प बांधावर लावा. फांदी रोवली की जगते. पाऊस सुरू झाला की कोवळा पाला तोडून चिखलणीत गाडायचा, हेक्टरी 5 ते 10 टन. त्यातून नत्र मिळतं, जमीन भुसभुशीत होते, आणि युरियाची गोणी हात राखून फोडता येते.

खरं उत्पादन मात्र भात कापल्यावर वाढतं, आणि नेमकं तिथंच आपण शेत सोडून देतो. जमिनीत ओल असते तोवर अळसांदे, म्हणजे आपली चवळी, पेरा. पाणी असेल तर वायंगण, म्हणजे पावसाळ्यानंतरचं दुसरं भात, घ्या, नसेल तर अळसांदे, मूग किंवा कुळीथ. कडधान्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र जमिनीत आणतात, म्हणजे पुढच्या भाताची थोडी तयारी आपोआप होते. आणि गोव्याच्या अळसांद्यांना बाजारात गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. भाजीला आपण बेळगावच्या गाड्यांची वाट पाहतो, निदान अळसांदे तरी घरचे असू द्यावेत की!

अडचण मोकाट गुरांची. एकट्यानं पेरलं तर ते गुरांसाठी पेरल्यासारखंच. वाड्यावरच्या सगळ्यांनी मिळून ठरवलं की गुरं फेब्रुवारी-मार्चपर्यंत बांधायची, तरच दुसरं पीक हाती लागतं. गवे आणि रानडुकरांचं म्हणाल, तर सत्तरी तालुक्यातल्या शेतकऱ्याला त्यावर सोपा उपाय सांगायची माझी तयारी नाही.

शेवटी एक घरच्या घरी करायचं काम. 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ विरघळवा आणि त्यात बियाणं ओता. तरंगेल ते पोकळ, काढून टाका. तळाशी बसलेलं बी स्वच्छ पाण्यानं दोन-तीनदा धुऊन सावलीत सुकवा, मग मोड आणा. खार सोसणाऱ्या वाणाचं बी हवं असेल तर जवळच्या विभागीय कृषी कार्यालयात आत्ताच नाव नोंदवा. मृग लागल्यावर तिथं गर्दी होते.