खुर्चीतली शस्त्रक्रिया

(दृश्य : सकाळ. सीएसएमटी स्थानकातून बाहेर पडणारी गर्दी, मग सेंट जॉर्ज रुग्णालयाचं आवार)

याच आवारात मुंबईचं शासकीय दंत महाविद्यालय आहे. केसपेपरच्या खिडकीसमोर रांग लागलीय. कुणी गालावर रुमाल दाबलाय, कुणी पदर. खासगी दवाखान्यात ज्या कामाला हजारो रुपये मोजावे लागतात, ते इथे अगदी थोडक्यात होतं. त्यासाठी लोक पहिल्या लोकलनं येतात. या ताई आसनगावच्या.

(दृश्य : उजेडासमोर धरलेला एक्स-रे)

खालची दाढ. म्हणजे एकेकाळी होती. वरचा भाग तुटून गेलाय, हिरडीखाली उरलीत दोन मुळं. रूट कॅनाल झालं होतं, कॅप राहिली. पैसे जमले की बसवू, असं ठरलं होतं. रूट कॅनाल केलेली किडकी दाढ आतून पोखरलेली असते, चावण्याचा जोर तिला झेपत नाही. म्हणून तर कॅप सांगतात. चपातीच्या घासाला ती दुभंगली.

(दृश्य : खुर्ची, वरचा दिवा, ट्रेमधली हत्यारं)

पकडीत धरायला दातच नाही, म्हणून शस्त्रक्रिया. आधी बधिर करायचं इंजेक्शन. "ओठ जड झाला का? दुखणार नाही ताई, नुसता दाब जाणवेल." हिरडीला छेद देऊन ती अलगद बाजूला करतात. मग बर, म्हणजे हाड कोरणारं बारीक ड्रिल, फिरू लागतो. त्यावर सलाइनची धार सतत हवी, नाहीतर हाड तापतं. मुळाभोवतीचं हाड थोडं कमी केलं. एलिव्हेटरचं, म्हणजे मूळ उचकटायच्या हत्याराचं, टोक फटीत गेलं. एक मूळ सुटलं. दुसरं टोकाशी वाकडं. इथे घाई चालत नाही. खालच्या जबड्यातून ओठाला संवेदना देणारी नस जाते आणि मुळाचं टोक तिच्या जवळ असू शकतं. डॉक्टर थांबतात, एक्स-रे पुन्हा बघतात, कोन बदलतात. आलं!

(दृश्य : ट्रेवर पडलेली मुळं, नखाएवढी)

एवढ्याशा तुकड्यांसाठी एवढा खटाटोप. टाके घातले, गॉज चावायला दिलं. सूज येईल, काही दिवस पातळ खायचं, आठवड्यानं टाके काढायचे.

(दृश्य : प्लास्टिकच्या पिशवीतून निघणारं विम्याचं कार्ड)

ताईंच्या यजमानांच्या कंपनीचा आरोग्यविमा आहे. तो इथे चालत नाही. बहुतेक पॉलिसींत दातांचा खर्च मिळतो तो अपघात झाला किंवा रुग्णालयात दाखल व्हावं लागलं तरच. हाड कापलं, टाके पडले, पण सगळं खुर्चीत. खाट लागली नाही, म्हणून क्लेमही नाही. कामगार विम्यात, म्हणजे ईएसआयमध्ये, दातांचे उपचार मिळतात. पण त्यासाठी पगार २१ हजारांच्या आत हवा.

आणि सरकार? १५ ऑगस्ट २०२३पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. दंत महाविद्यालय येतं वैद्यकीय शिक्षण विभागाकडे, त्याला तो निर्णय लागू नव्हता. जबडा एकच, खाती दोन. दुखणाऱ्या दाढेनं कोणतं खातं विचारून दुखायचं?

(दृश्य : आसनगाव. बचत गटाची बैठक, वही, अंगठा आणि सह्या)

मोठ्या शहरांतले दवाखाने हल्ली हप्ते करून देतात. त्याला बहुधा पगाराची स्लिप लागते. ताई चार घरची धुणीभांडी करतात, त्यांची स्लिप म्हणजे ही वही. गटाचं अंतर्गत कर्ज, शेकडा दोन रुपये महिना. वर्षाचे चोवीस टक्के झाले. शस्त्रक्रियेची फी त्यात छोटी. मोठी रक्कम औषधं, प्रवास आणि खाड्यांत बुडालेल्या पगाराची.

पुढच्या आठवड्यात टाके काढायला परत यायचंय, म्हणजे आणखी एक खाडा. वरच्या एका दाढेचंही रूट कॅनाल झालंय. तिच्या कॅपचा खर्च केसपेपरच्या मागे लिहून दिलाय, आणि गटाचं आधीचं कर्ज फिटल्याशिवाय नवीन मिळत नाही.